मुका रांजण

डोंगर उतरून नदी जिथे रुंद होते, तिथल्या एका गावात एक लेखनिक राहत होता. त्याची शाई कधी फिकी पडत नसे, म्हणून गावाच्या विद्यासभेने पोथी लिहिण्याचं काम त्याच्याकडे दिलं होतं.

ज्या दिवशी निरोप आला, त्या दिवशीही तो शाईच घोटत होता. दिव्यावर धरलेली काजळी आणि बाभळीचा डिंक खलात घालून सकाळपासून बत्ता फिरवत होता. डिंक जरा जास्त पडला होता आणि तो स्वतःवरच चिडला होता. अंगणात वाल वाळत घातले होते. शेजारणीची शेळी सुटून त्या वालांवर आली. तिला हाकलायला तो उठला, तर पायरीशी बहिणीचा दीर उभा.

“या, या. पाणी आणतो.”

“नको. पाणी नको.” दिराने वहाणा काढल्या नाहीत. पायरीवर टेकलाही नाही. “यंदा तुमच्याकडे वाल चांगले आलेत.”

“हो, बरे आलेत.”

“आमच्याकडे कीड पडली.”

पाणी नको म्हणणारा, वहाणा न काढणारा आणि वालांचं बोलणारा माणूस कशासाठी आला असेल, हे लेखनिकाला कळलं होतं. तरी तो शेळीकडेच बघत राहिला. आपण विचारत नाही तोवर ते झालेलं नाही, असं त्याला वाटलं. शेळीने चांगले मूठभर वाल खाल्ले.

“कोण?” त्याने अखेर विचारलं.

“वहिनी,” दीर म्हणाला. “पेवात.”

ठकू ही लेखनिकाची एकुलती धाकटी बहीण, नदीपलीकडच्या गावात दिलेली. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. ज्वारी भरली की तोंडावर शिळा ठेवायची आणि ती लिंपून टाकायची. ठकूच्या गावाने तीन वर्षांपूर्वी नव्या रीतीचं पेव बांधलं होतं. आतून चुन्याचा गुळगुळीत गिलावा, शिळेच्या कडेनेही चुना, मुंगीसुद्धा शिरणार नाही असं. ती रीत विद्यासभेच्या पोथीत लिहिलेली होती.

“शिळा काढली,” दीर सांगू लागला. “आई म्हणाली, मी उतरते. वहिनी म्हणाल्या, तुमचे गुडघे उतरतील, पण चढतील का? मी अंगाने बारीक आहे, मी जाते. टोपली घेऊन उतरल्या. आम्ही वरून विचारलं, ज्वारी कशी आहे? म्हणाल्या, मोत्यासारखी आहे. मग बोलल्याच नाहीत. आम्हाला वाटलं, भरतायत.”

दिराने वहाणेने पायरीपुढची माती उकरली.

“मी उतरायला गेलो, तर खांद्यापर्यंत आत गेल्यावर माझेच डोळे फिरले. मला वर ओढलं. त्यांना काढायला वेळ लागला.”

“आधी दिवा सोडून पाहिला नाहीत?” लेखनिकाच्या तोंडून निघून गेलं.

“कसला दिवा?”

लेखनिकाने शेळीला हाकललं.

“पोथीत दिव्याचं काही नव्हतं,” दीर म्हणाला. “वहिनींनीच साऱ्यांना वाचून दाखवली होती. दादाच्या हातचं अक्षर आहे, म्हणाल्या, यात चूक नसते.”

ठकूला अक्षरं लेखनिकानेच शिकवली होती, चुलीतली राख चाळून ताटात पसरून. तिचा ‘ठ’ नेहमी मोठा यायचा. त्याने अंगावर पाणी घेतलं आणि दिरामागे चालू लागला. शाई खलातच राहिली, तिच्यावर साय धरली.

आता या दिव्याची गोष्ट सांगायला हवी.

विद्यासभेत चार विद्या होत्या आणि चौघे त्यांचे धनी. वैद्य, गवंडी, रंगारीण, आणि पेरणी-पाण्याची विद्या सांभाळणारे म्हातारे आचार्य. तेच सभेचे प्रमुख. सभेच्या दालनात एक उतरंड होती, म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. वरच्या चार मडक्यांत ज्याच्या त्याच्या सिद्ध झालेल्या वस्तू होत्या: नीळ, औषधी मुळ्या, भिजवलेला चुना आणि बियाणं. या चारही मडक्यांचा भार घेऊन सगळ्यात खाली एक मोठा रांजण बसलेला होता. त्याला मुका रांजण म्हणत.

सभेचा नियम असा, की जे साधलं ते पोथीत लिहायचं, आणि जे फसलं ते चिठ्ठीवर लिहून रांजणात टाकायचं. रांजणाच्या पोटाला कुंभाराने भोक ठेवलं होतं. गुंडाळलेली चिठ्ठी आत जाईल एवढं, हात आत जाणार नाही एवढं. तोंड लिंपलेलं. चौघांनी आपापलं मडकं उतरवल्याशिवाय ते तोंड दिसायचंही नाही, आणि कुणाच्या आजोबांच्या आठवणीतही ती उतरंड उतरवलेली नव्हती. आत टाकलेल्या चिठ्ठीबद्दल बाहेर बोलायचं नाही, हाही नियमच.

नियम करणारे दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं होतं, लोक विद्येवर भरवसा ठेवतात म्हणून विद्या चालते. रोज फसलेलं सांगत बसलं, तर उद्या कोण औषध घेईल, कोण नव्या भिंतीखाली झोपेल? झाकली मूठ सव्वा लाखाची.

चार वर्षांपूर्वी एक म्हातारा पेवकरी दोन दिवस चालत सभेत आला होता. पेवं खणण्यात आणि भरण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याच्या गावात आचार्यांच्या नव्या रीतीचं पेव झालं आणि उघडताना दोन माणसं गेली. एक त्याचा भाऊ.

“रीत चांगली आहे जी,” म्हातारा म्हणाला होता. “दाणा टिकतो. पण जितकं घट्ट झाकाल, तितकी आतली हवा जड होते. आधी दोरीने दिवा सोडायचा. दिवा विझला, तर माणूसही विझणार. शिळा काढून दोन दिवस तोंड उघडं ठेवायचं, मग पुन्हा दिवा. एवढं त्या पोथीत घाला, म्हणजे मी परत जातो.”

आचार्यांनी त्याला जेवू घातलं, नवं धोतर दिलं आणि लेखनिकाला सांगितलं, “लिहून घे. चिठ्ठी कर.”

“पोथीत नको?” लेखनिकाने विचारलं होतं.

“माणसं गेली म्हणजे ते फसलंच की नाही? फसलेलं कुठं जातं?”

लेखनिकाने सुंदर अक्षरात चिठ्ठी केली, पिवळ्या दोऱ्याने बांधली आणि स्वतःच्या हाताने भोकातून आत सरकवली. ती आत पडल्याचा आवाजही आला नाही. म्हाताऱ्याला वाटलं, आपलं काम झालं. तो समाधानाने परत गेला.

आणि यंदा, निरोप येण्याच्या महिनाभर आधी, बांगड्या भरणाऱ्या कासाराबरोबर ठकूने विचारून पाठवलं होतं, ‘दादा, तीन वर्षं झाली, पेव उघडायचं आहे. उघडताना काही पाळायचं असतं का? पोथीत काही सापडलं नाही.’

लेखनिकाला दिवा आठवला होता. त्याने कागद घेतला, ‘चि. ठकूस अनेक आशीर्वाद’ असं लिहिलं आणि बोरू थांबवला. रांजणातलं बाहेर सांगायचं नाही. शिवाय वर्षातून एकदा सभेत गावासमोर पोथी वाचली जाई, तो दिवस जवळ आला होता. वाचन झालं की आचार्यांना विचारू, त्यांची परवानगी घेऊ आणि मग नीट सविस्तर लिहू, असं त्याने ठरवलं. कासार दोनदा येऊन विचारून गेला, “काही द्यायचंय का बहिणीला?” दोन्ही वेळा तो म्हणाला, “पुढच्या खेपेला.”

बहिणीचं सगळं आटोपून तो परत आला, तेव्हा वाचनाला चार दिवस उरले होते. त्याने खलातली वाळलेली शाई खरवडून फेकली आणि तो रांजण उघडायला चौघांची संमती मागायला निघाला.

वैद्य ओसरीवर एका गाडीवानाच्या पाठीवरचं गळू बघत होता.

“काय लावलं होतंस यावर?”

“थंड लेप, बुवा. तीन दिवस. दिसेनासं झालं होतं की!”

“दिसेनासं झालं म्हणजे बरं झालं होय रे, शहाण्या? आत गेलं ते. आता पाठभर पसरलंय. गळू दाबायचं नसतं, पिकवून फोडायचं असतं. ओरड आता हवं तेवढं.”

गाडीवान ओरडला. वैद्य हात धुवायला उठला, तेव्हा लेखनिकाने मागणी सांगितली. वैद्याचे हात पाण्यातच थांबले.

“तुझ्या बहिणीचं ऐकलं मी. फार वाईट झालं. रांजण उघडावा, माझी ना नाही. त्या गवंड्याच्या चिठ्ठ्या आधी काढ. लोकांच्या जिवाशी खेळ आहे तो.”

“आणि तुमच्या?”

“माझं वेगळं आहे रे. भरवसा असतो म्हणून अर्धं औषध लागू पडतं. भरवसाच गेला तर मुळी बिचारी काय करणार?”

“गळू, वैद्यबुवा,” लेखनिक म्हणाला.

“काय?”

“काही नाही.”

गवंडी एका घराच्या भिंतीचा गिलावा हातोडीने पाडत होता. ढेकळं पडत होती आणि त्यामागून ओली माती पिठासारखी गळत होती.

“या लेखनिकबुवा, बघा कारभार! ओल दिसली की फासला चुना, ओल दिसली की फासला चुना. वरून नवरीसारखी भिंत आणि आतून बोट घातलं तर जातंय. अहो, ओल म्हणजे भिंतीचं बोलणं असतं. ते ऐकायचं सोडून तिचं तोंड लिंपलं यांनी.”

लेखनिकाने रांजणाचा विषय काढला.

“उघडा की! वैद्याच्या चिठ्ठ्या तरी कळू देत गावाला. त्याचं बरं आहे, मेलेला माणूस गाऱ्हाणं सांगायला येत नाही. माझी कमान पडली की सात गावांना आवाज जातो.”

“म्हणजे तुमचीही चिठ्ठी आहे आत.”

गवंडी हातोडीकडे बघत राहिला. “एकच आहे. देवळाच्या तळ्याची कमान पडली होती. त्या वर्षी खाऱ्या ओढ्याची वाळू चुन्यात मिसळली होती मी. ती माझी एकट्याची चूक. बाबांच्या हातून असं जन्मात झालं नाही. ते वाचलंत तर लोक म्हणतील, एवढ्या मोठ्या कारागिराच्या पोटी हे काय निपजलं. माझी तेवढी सोडून बाकीच्या काढा.”

रंगारीण निळीच्या पिंपात काठी घालून ढवळत होती. कोपरापर्यंत हात निळे. वास असा, की लेखनिक दारातच थांबला.

“ये रे, आत ये. वासाने कुणी मेलेलं नाही अजून. तुमच्या पोथीत माझी नीळ चौदा पानं व्यापून बसलीय, आणि एक पंडित कधी पिंपाशी उभा राहिला असेल तर शपथ.”

“मावशी, रांजण उघडायचा आहे.”

तिने ढवळणं थांबवलं नाही. “नीळ झाकावीच लागते. उघडी ठेवली तर रंग धरत नाही. पण रोज एकदा झाकण काढायचं, ढवळायचं, वास घ्यायचा. एक महिना विसरलं की सगळं पिंप नासतं. मी एकदा नासवलंय. त्याची चिठ्ठी आहे बघ आत. निळ्या बोटांचे ठसे असतील तिच्यावर.” मग तिने वर पाहिलं. “झाकणं वाईट नसतं रे बाबा. झाकून विसरणं वाईट. काढ माझं मडकं. कधी येऊ?”

शेवटी तो आचार्यांकडे गेला. आचार्य दिवस मावळताना मळ्यात एका वाफ्याशी बसले होते. त्यांनी लेखनिकाला जवळ बसवून घेतलं आणि बराच वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“ती रीत माझी,” ते म्हणाले. “तुझ्या बहिणीला मी मारलं.”

“चिठ्ठी मी टाकली होती, गुरुजी.”

“ऐक. तुला त्या म्हाताऱ्याचे शब्द आठवत असतील. पोथीत घाल. दिवा, दोन दिवस, सगळं. माझ्या रीतीत उणं होतं असं माझ्या नावाने लिही. मी सभेला सांगेन. पण उतरंडीला हात लावू नकोस. एक चिठ्ठी बाहेर आली तर विद्येची लाज राहील. सगळ्या आल्या, तर लोक आपल्या दारात उभे राहतील आणि विचारतील, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

लेखनिक घरी गेला आणि उरलेले दिवस त्याने याच बोलण्याचा विचार केला. सोपं होतं. ठकूपुरता न्याय झाला असता. दिव्याची ओळ पोथीत आली असती आणि पुढे कुणी पेवात गेलं नसतं. त्याने ती ओळ लिहायला घेतलीही. पण लिहिता लिहिता त्याला वाटलं, मला ही एकच चिठ्ठी का टोचते? कारण तिच्यापायी माझी बहीण मेली. स्वतःच्या हाताने मी अकरा चिठ्ठ्या आत टाकल्या. बाकीच्या दहांत काय होतं? त्याला चार आठवल्या. सहा आठवल्या नाहीत. आणि त्याच्या आधी तीन लेखनिक होऊन गेले होते.

त्याने ती ओळ अर्धीच ठेवली.

वाचनाच्या दिवशी दालन भरलं होतं. आचार्यांनी खूण केली. लेखनिक उठला, पण पोथीकडे न जाता उतरंडीजवळ जाऊन उभा राहिला.

“माझी बहीण पेवात गेली,” तो म्हणाला. “तिने मला विचारून पाठवलं होतं. उत्तर मला ठाऊक होतं आणि ते या रांजणात होतं. मी नियम पाळला. आज मला चौघांकडे मागणं आहे, की ज्याने त्याने आपलं मडकं उतरवावं. मी कुणाचं उतरवणार नाही.”

“दिव्याची ओळ घातली नाहीस?” आचार्यांनी हळूच विचारलं.

“घातली असती, गुरुजी, तर ती वाचून मी घरी गेलो असतो.”

कुणी हललं नाही. मग रंगारीण पदर खोचून पुढे आली. सगळ्यात वरचं मडकं तिचंच होतं. ते काखोटीला मारून ती म्हणाली, “बघता काय? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. चला!”

गवंडी उठला, कुणाकडे न बघता त्याने आपलं मडकं उचललं. वैद्य मात्र बसूनच राहिला. सगळं दालन त्याच्याकडे बघत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, “बुवा, गळू पिकलंय.” तो गाडीवान होता. लोक हसले. वैद्याचा चेहरा लाल झाला, पण तो उठला.

आचार्यांचं मडकं सगळ्यात खाली, रांजणाच्या तोंडावर. म्हाताऱ्या हातांना ते जड होतं. लेखनिक मदतीला वाकला, तर ते म्हणाले, “राहू दे. माझं आहे ते, मीच उतरवतो.” आणि त्यांनी ते एकट्याने उतरवलं.

लेखनिकाने रांजणाच्या तोंडाचा लिंपलेला चिखल फोडला. झाकण सरकवून तो हात घालणार, तोच रंगारीण ओरडली, “थांब! लगेच नको. आधी हवा जाऊ दे.”

 लेखनिकाचा हात तसाच हवेत राहिला. थोड्या वेळाने त्याने तो आत घातला.

वरच्या चिठ्ठ्या चांगल्या होत्या. खालच्यांना कसर लागली होती. तळाशी तर नुसता भुगा आणि दोरे होते. जे वाचण्याजोगं उरलं होतं, ते तो वाचू लागला. म्हाताऱ्या पेवकऱ्याची पिवळ्या दोऱ्याची चिठ्ठी वरच होती.  रंगारणीची चिठ्ठी निघाली, निळ्या ठशांची. वैद्याने आपली स्वतः मागून घेतली आणि स्वतः वाचली. एका बाळंतिणीला दिलेल्या काढ्याची होती ती. वाचून झाल्यावर तो म्हणाला, “तिचा नवरा इथंच बसलाय. त्याला मी नशीब म्हणून सांगितलं होतं.” तो नवरा उठून बाहेर गेला. वैद्य त्याच्या मागे गेला. दोघं बराच वेळ आले नाहीत.

मग तळ्याच्या कमानीची चिठ्ठी आली. ‘खाऱ्या ओढ्याची वाळू. पहिल्या थंडीत चुना सुटला. कमान पडली.’

“माझी,” गवंडी मान खाली घालून म्हणाला.

पुढची चिठ्ठी उघडून लेखनिक अडखळला. “हीही कमानीचीच आहे. खारी वाळू. पण अक्षर जुनं आहे. वेशीची कमान म्हटलंय.”

गवंडी उठून आला. त्याने चिठ्ठी हातात घेतली. खाली सहीच्या जागी चुना थापायच्या करणीचं चित्र होतं, तिची मूठ तुटकी. ती करणी अजून त्याच्या घरात खुंटीला होती.

“बाबांची आहे ही,” तो म्हणाला.

त्याच्याही खाली, कसरीने अर्धी खाल्लेली, आजोबांची निघाली. तीच वाळू.

“बाबांनी मला सांगितलं का नाही?” गवंड्याने विचारलं. त्याने ते कुणाला विचारलं, कुणाला कळलं नाही. “मी त्यांच्याबरोबर वीस वर्षं काम केलं. रोज एकत्र जेवायचो. माझी कमान पडली, तेव्हा अंथरुणावर होते ते. मी त्यांना सांगितलं नाही, त्यांना लाज वाटेल म्हणून. आणि त्यांनी…” तो खाली बसला. रंगारणीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याचा सदरा निळा झाला.

सूर्य कलल्यावर आचार्य उठून रांजणाजवळ आले. “माझी एक आहे,” ते म्हणाले. “हिरव्या दोऱ्याची. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. त्या एका वर्षात सतरा गावांना विहिरीच्या जागा दाखवल्या होत्या मी. पुढे काही वर्षांनी फिरत पुन्हा एका गावात गेलो, तर त्या पाण्याने पोरांचे दात करडे पडलेले, गुडघे वाकलेले. मी इथं येऊन लिहून टाकलं आणि चार दिवस जेवलो नाही. मग जेवलो. ती वाच.”

लेखनिकाने शोधलं. सारा रांजण आडवा करून शोधलं. हिरवा दोरा सापडला. त्याच्या गाठीत बोटभर कागद होता, आणि त्यावर एकही पुरतं अक्षर नव्हतं.

“गावाचं नाव लिहिलं होतं त्यात,” आचार्य म्हणाले. “तेवढं तरी बघ.”

“नाही उरलं, गुरुजी.”

“मलाही आठवत नाही.” ते हिरवा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. “लिहिलं होतं म्हणून मी विसरलो. अजून पीत असतील ते पाणी. आता कोणत्या गावाला जाऊन सांगू?”

आचार्य दुसऱ्या दिवशी काठी घेऊन निघाले. सतरांपैकी नऊ गावांपर्यंत त्यांचे पाय पोचले. त्या नऊंत ते गाव नव्हतं.

सभेचा नियम बदलला. पोथीच्या उजव्या पानावर साधलेलं आणि त्याच्या समोर डाव्या पानावर फसलेलं, असं लिहू लागले. आधी भीती होती तसं थोडं झालंही. काही लोक दुसऱ्या गावच्या वैद्याकडे गेले. गवंड्याला दोन कामं मिळाली नाहीत. मग हळूहळू लोक परत आले. डावं पान आधी वाचायचं आणि मग उजवं, अशी त्यांना सवय लागली. रांजणाचं भोक मोठं करून त्यात कुणीतरी तुळस लावली.

लेखनिकाने म्हाताऱ्या पेवकऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवले आणि नव्या रीतीचं पेव होतं त्या एकतीस गावांना पत्रं पाठवली. महिनाभर दुसरं काम केलं नाही. पत्रं घेऊन जायला तोच कासार आला. गठ्ठा उचलून त्याने सवयीने विचारलं, “सगळी झाली ना? एखादं राहिलं तर नाही?”

लेखनिकाने पेटीकडे पाहिलं आणि तो म्हणाला, “तुम्ही निघा.”

ही गोष्ट पोरांना सांगताना त्या गावात शेवटी एवढंच सांगतात: जे साधलं ते उद्या कळलं तरी चालतं, जे फसलं ते आजच्या आज सांगावं. झाकून ठेवलेली चूक मरत नाही, ती आपल्या नंतर उतरणाऱ्याची वाट बघत बसते.

लेखनिकाच्या पेटीत एक कागद शेवटपर्यंत होता. त्यावर ‘चि. ठकूस अनेक आशीर्वाद’ एवढंच होतं. पुढचं लिहायचं राहिलं.